यंत्राचा हात कसा ओळखावा?

(संस्थेच्या वार्षिक शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी काही ठिकाणी वाढविला आहे.)

मेळाव्यात मला पंधरा मिनिटे दिली होती आणि मी पंचवीस घेतली. त्याबद्दल चिटणीस साहेबांनी मला गोड शब्दांत सुनावलेही. आता तेच भाषण कागदावर उतरविताना घड्याळ समोर नाही, तेव्हा तिथे घाईत जे राहून गेले ते येथे सांगून टाकतो. मी भाषातज्ज्ञ नव्हे आणि संगणकतज्ज्ञ तर नव्हेच नव्हे. आठवी ते दहावीला मराठी शिकविणारा एक शिक्षक आहे. वर्षाकाठी काही शेकडा निबंध माझ्या लाल पेनाखालून जातात, एवढाच काय तो माझा अधिकार.

माझ्या विषयाची सुरुवात एका चुकीने होते, आणि ती चूक माझी आहे.

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात आमच्या शाळेचे निवृत्त शिपाई वारले. गावातील लहानथोर त्यांना चाचा म्हणत, मीही चाचाच म्हणतो. १९८४ ते २०१५ अशी एकतीस वर्षे त्यांनी शाळेत काढली. मी या शाळेचाच विद्यार्थी. २००० साली पाचवीत आलो तेव्हा ते होते आणि पुढे शिक्षक होऊन परत आलो तेव्हाही ते होते. शोकसभा दुसऱ्याच दिवशी ठरली आणि ठराव लिहिण्याचे काम मराठीचा शिक्षक म्हणून माझ्याकडे आले. त्या रात्री माझ्यापुढे घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडला होता. मी मोबाईल उचलला आणि चॅटजीपीटीला एका ओळीत सांगितले की, शाळेच्या शिपायाच्या निधनाबद्दल शोकप्रस्ताव हवा, मराठीत, दोनशे शब्दांचा. चहा निवायच्या आत ठराव तयार झाला. ते केवळ शिपाई नव्हते, तर शाळेच्या आत्म्याचे प्रतीक होते. समर्पण, साधेपणा आणि सेवाभाव यांच्या जोरावर त्यांनी असंख्य विद्यार्थ्यांच्या जीवनाला स्पर्श केला. त्यांचा प्रवास आपणा सर्वांसाठी दीपस्तंभ ठरेल, असा सारा मजकूर. मी तो सभेत चांगल्या आवाजात वाचला. दोनचार जणांनी नंतर पाठ थोपटली. चाचांच्या मुलाने ठरावाची प्रत मागून घेतली.

इद्दत संपल्यावर मी व माझी पत्नी चाचींना भेटायला गेलो. ठराव फ्रेम करून भिंतीवर लावलेला होता. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर चाची म्हणाल्या, “बेटा, मुलानं मला ते वाचून दाखवलं. फार चांगलं लिहिलंयस. पण त्यात हे कुठे आहेत?”

मला उत्तर देता आले नाही. पुढे जे लिहितो आहे ते त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हाताला लागलेले आहे.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांना खुले झाले आणि त्यामागोमाग त्याची अनेक भावंडे आली. ही यंत्रे लिहितात कशी हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण त्यांच्या खोडी त्यातूनच निघतात. त्यांना अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो. त्यातून ती मुख्यतः एक गोष्ट शिकतात : आतापर्यंत इतके शब्द आले, आता पुढचा तुकडा कोणता येण्याचा संभव जास्त? शोकप्रस्ताव म्हटले की समर्पण येणार, समर्पणामागून सेवाभाव येणार. पुढे माणसांना यंत्राची उत्तरे दाखवून कोणते अधिक आवडले ते विचारतात आणि त्याप्रमाणे यंत्राला वळण लावतात. साहजिकच कुणालाही खटकणार नाही असे गुळगुळीत बोलणे त्याच्या अंगवळणी पडते. त्यातही त्याने वाचलेल्या मजकुरात इंग्रजीच्या मानाने मराठी फारच थोडी, त्यामुळे शब्द मराठी आणि आतला सांगाडा इंग्रजी, असे पुष्कळदा होते. आमच्या चाचांविषयी त्याला काही ठाऊक नव्हते, कारण मी काही सांगितलेच नव्हते. म्हणून जगातल्या कुठल्याही शिपायाला लागू पडेल असे त्याने लिहून दिले. नीट पाहिले तर त्याने सांगितलेले काम चोख केले होते.

आता खुणांकडे येतो. मला सर्वांत आधी ऐकू येते ते ‘हे केवळ अमुक नाही, तर तमुक आहे.’ शाळा ही केवळ इमारत नसते, पुस्तक हे केवळ कागद नसते, पाऊस हा केवळ पाणी नसतो. वाचकहो, शाळा ही नुसती इमारत आहे असे म्हणाले कोण होते? जे कुणी बोललेच नाही ते खोडून काढायचे आणि खोडून काढल्याच्या ऐटीत पुढे जायचे, असा हा प्रकार आहे. मग तिहेरी माळ. गुण मोजायचे तर तीनच आणि तिन्ही एका मापाचे. खऱ्या माणसात दोन गुण असतात, एक खोड असते आणि चौथी गोष्ट सांगता येत नाही अशी असते. मग ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की’. मराठी माणूस ‘लक्षात ठेवा’ म्हणतो, नाहीतर काही न म्हणता मुद्दा सांगतो. आणि तो ‘प्रवास’! दहावीचा प्रवास, आजारपणाचा प्रवास, एका वहीत तर माझ्या आईच्या स्वयंपाकाचा प्रवास. आमच्याकडे प्रवास एसटीने होतो. याशिवाय ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’, ‘अधोरेखित करते’, ‘समृद्ध वारसा’, आणि एकाही तज्ज्ञाचे नाव नसलेले ‘तज्ज्ञांच्या मते’. परिच्छेद पाहावेत तर जांभ्याचे चिरे रचावेत तसे सारखे, आणि शेवटचा परिच्छेद आधीच सांगितलेले पुन्हा सांगून उज्ज्वल भविष्याकडे बोट दाखविणारा.

इंग्रजीतही हेच झाले. तिथे ‘डेल्व्ह’ म्हणजे खोलात शिरणे हा पूर्वी क्वचित दिसणारा शब्द शोधनिबंधांत एकाएकी उगवू लागला. २०१० ते २०२४ या काळातील दीड कोटीहून अधिक वैद्यकीय शोधनिबंधांचे सारांश तपासून संशोधकांनी अशा एकदम वाढलेल्या शब्दांची मोजदाद केली. २०२४ च्या सारांशांपैकी निदान १३.५ टक्क्यांवरून तरी यंत्राचा हात फिरला असावा, असा त्यांचा अंदाज २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठमोठे डॉक्टर जे करतात ते नववीतल्या मुलाने केले तर त्यात नवल कसले?

आणि खरे सांगायचे तर ही खोड यंत्राने आणलेली नाही. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली एका इंग्रजी निबंधात तयार शब्दांचे तुकडे जोडून लिहिण्याच्या सवयीला फटकारले होते, तेव्हा हे यंत्र कुणाच्या स्वप्नातही नव्हते. आम्ही शाळेत असताना बाजारातील निबंधमार्गदर्शिका पाठ करीत होतो. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ म्हटला की धरती हिरवा शालू नेसायची आणि मोर पिसारा फुलवून नाचायचा. आमचे गाव खाडीच्या काठावर. उधाणाला पाऊस मिळाला की खालच्या मोहल्ल्यात पाणी शिरते, तांदळाची पिंपे माळ्यावर चढवावी लागतात. पण तांदळाच्या पिंपांवर एकाही मुलाने कधी लिहिले नाही. सगळ्यांनी मोरावर लिहिले, मीही लिहिले, आणि आमच्या गावात मी आजतागायत मोर पाहिलेला नाही. यंत्राने फक्त ती मार्गदर्शिका प्रत्येकाच्या खिशात दिली आणि पाठ करण्याचे कष्टही वाचविले.

तेव्हा नुसत्या शब्दांच्या यादीने भागत नाही. शब्द तर उद्या बदलतील. या सगळ्या खुणांखाली मला एक गोष्ट दिसते, ती अशी की, त्या वाक्यांत चुकण्यासारखे काही नसते. ‘त्यांनी असंख्य विद्यार्थ्यांच्या जीवनाला स्पर्श केला’ हे वाक्य खोटे आहे असे कुणाला म्हणता येईल काय? उलट ‘ते सकाळी साडेसहाला फाटक उघडत’ असे लिहा, सभेतला एखादा माणूस उठून म्हणेल, “नाही हो, सातला.” वाक्याला असे कुणी अडविणारे भेटण्याची शक्यता आहे की नाही, ही माझी कसोटी.

हीच गोष्ट लिखाणाबाहेरही लागू पडते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आपुलकीने निकालपत्रक तयार करणारा एक छोटा संगणक-प्रोग्रॅम यंत्राकडून लिहवून घेऊन शाळेला दिला. दिसायला मोठा देखणा. जवळजवळ प्रत्येक ओळीवर टिप्पणी होती. बेरजेच्या ओळीवर लिहिलेले, ‘येथे गुणांची बेरीज केली आहे.’ ते तर ओळ पाहूनही कळते. पण जे सांगायला हवे होते, म्हणजे गुणांच्या जागी आकडा नसेल तर काय करायचे आणि का, त्याबद्दल एक अक्षर नाही. तिथे त्या प्रोग्रॅमने गुपचूप शून्य घालून पुढे जायचे ठरविले होते. चूक झाली तरी बोंब होऊ नये, काम थांबू नये, सगळे सुरळीत दिसावे, ही तीच गुळगुळीत वृत्ती. आम्ही गैरहजर विद्यार्थ्यापुढे ‘गै.ह.’ असे लिहितो. टायफॉइडने अंथरुणाला खिळलेल्या एका मुलीच्या प्रगतिपत्रकावर मराठीत शून्य छापले गेले आणि तिचे वडील ते घेऊन शाळेत आले तेव्हा आम्हाला कळले. दुरुस्ती सोपी होती. ‘आकडा नसेल तर थांब आणि विचार’ एवढे त्या मुलाने घातले आणि निम्म्याहून अधिक टिप्पण्या पुसून टाकल्या.

चित्रांचेही तसेच. याच स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी एक चित्र यंत्राकडून आले होते. उघडे पुस्तक, त्यातून उगवणारा सूर्य, हात उंचावलेली मुले, सगळ्यावर निळसर जांभळी झळाळी. ही जांभळी झळाळी नव्या संकेतस्थळांवर इतकी का दिसते याचे एक गमतीदार कारण सांगतात. टेलविंड नावाच्या लोकप्रिय साधनसंचाच्या नमुन्यांत बटणांना तसा रंग दिलेला होता, त्या नमुन्यांच्या नकला सर्वत्र झाल्या आणि यंत्रे त्याच शिकली. त्याचे कर्ते ॲडम वॉदन यांनी २०२५ मध्ये त्याबद्दल थट्टेने माफीही मागितली. पण मला रंगापेक्षा इमारत खटकली. मुस्लिम शिक्षण संस्था म्हटल्याबरोबर यंत्राने घुमट आणि मिनार उभे केले होते. आमच्या शाळेवर मंगळुरी कौले आहेत आणि मागच्या दोन वर्गांवर पत्रा. फाटकावरच्या पाटीवर देवनागरीसारखे दिसणारे पण कुठल्याच भाषेचे नसलेले काहीतरी लिहिले होते. ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या नियतकालिकाने २०२३ मध्ये एका चित्रयंत्राची तपासणी केली तेव्हा ‘भारतीय माणूस’ म्हटले की जवळजवळ दर वेळी दाढीवाला म्हातारा निघत होता. आपल्याविषयी इतरांच्या मनात जी ठरीव चित्रे आहेत ती आपणच आपल्या मुखपृष्ठावर छापायची काय? समितीत यावर बराच वाद झाला. शेवटी दहावीतल्या एका मुलाने मोबाईलवर काढलेला शाळेचा फोटो घेतला. फोटोत सायकलींची रांग वाकडी आहे आणि एक कुत्रा आडवा आला आहे. तो असू द्यावा असे माझे मत पडले.

येथे मला थांबून एक धोक्याची गोष्ट सांगितली पाहिजे. खुणा ओळखू लागलो तसा मला एक नाद लागला. प्रत्येक वहीत मला यंत्र दिसू लागले. नववीतल्या एका मुलीचा निबंध फार शुद्ध, फार नेटका होता. ‘अविभाज्य अंग’, ‘किंबहुना’, ‘तद्वतच’ असे शब्द. मी भर वर्गात तिला विचारले, “हे कुणी लिहून दिले?” ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कच्ची वही आणून माझ्या टेबलावर ठेवली. तोच निबंध तीन वेळा लिहिलेला, खोडलेला, समासात उर्दूत अर्थ लिहून ठेवलेले. मुलगी सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली. तिची मराठी घरातून आलेली नाही, पुस्तकांतून आलेली आहे, म्हणून ती पुस्तकासारखी लिहिते. माझी मान खाली गेली. ज्या वर्गात आरोप केला त्याच वर्गात मी तिची माफी मागितली.

नंतर वाचले तेव्हा कळले की अशी चूक करणारा मी एकटा नाही. यंत्राचे लिखाण ओळखण्यासाठी जी यंत्रे निघाली त्यांपैकी सात यंत्रांना अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांचे ९१ निबंध दिले. ते सारे माणसांनीच लिहिलेले. सरासरीने ६१ टक्के निबंधांवर यंत्राचे म्हणून शिक्का बसला. परक्या भाषेत लिहिणारा माणूस ओळखीचे, सुरक्षित शब्द वापरतो आणि तिथेच फसतो. खुद्द चॅटजीपीटी बनविणाऱ्या ओपनएआय कंपनीने असे एक ओळखयंत्र काढले होते. ते पुरेसे अचूक नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये तिनेच ते बंद केले. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे की, या खुणांवरून कुणा मुलाला गुन्हेगार ठरवू नका. संशय आला तर जवळ बसवून त्या निबंधाविषयी बोला. पाच मिनिटांत सर्व कळते. आणि या खुणा आधी स्वतःच्या लिखाणात शोधा. मला माझ्या जुन्या अहवालांत भरपूर सापडल्या, आणि त्यांतले पुष्कळसे २०२२ च्या आधीचे होते!

आता काढून टाकायचे कसे? ‘समर्पण’ खोडून ‘निष्ठा’ लिहिल्याने काही होत नाही. यंत्राचे लिखाण माणसासारखे करून देतो म्हणणारी दुसरी यंत्रेही आहेत. त्यांच्या नादी लागणे म्हणजे आंबलेल्या डाळीला पुन्हा फोडणी देणे. मी वर्गात एक सोपी रीत ठेवली आहे. जे वाक्य शेजारच्या मुलाच्या निबंधातही चालेल त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची. मग प्रत्येक रेघेला विचारायचे : कोण, कधी, कुठे, किती? उत्तर आले तर वाक्य खोडून ते उत्तर लिहायचे. नाही आले तर नुसते खोडायचे.

आठवीतल्या एका मुलाने ‘माझे वडील’ या विषयावर दीड पान आणले होते. वडील आधारस्तंभ, वडील प्रेरणास्थान, वडील छायादार वृक्ष. रेघा मारता मारता पान भरले. मी विचारले, “अब्बा असतात कुठे?” म्हणाला, “कुवेतला.” “येतात कधी?” मग हळूहळू एकेक निघाले. त्याने पुन्हा लिहून आणलेल्या निबंधात असे होते की, अब्बा दोन वर्षांनी एक महिना येतात, पहिले चार दिवस तो त्यांच्याशी फारसा बोलत नाही, आणि बोलायला लागतो तोवर बॅगा भरायला काढलेल्या असतात. दीड पानाच्या अकरा ओळी झाल्या. परीक्षेच्या शब्दमर्यादेत तो निबंध बसत नाही, हेही खरेच, आणि त्यावर तोडगा मला अजून सापडलेला नाही. पालकांपैकी एकदोघांनी मेळाव्यात हे विचारलेही. मी त्यांना म्हटले की, मुलाला आणखी चार प्रश्न विचारा, ओळी वाढतील. ते सर्वांना पटले असे नाही.

चाचांचा ठराव मी अखेर पुन्हा लिहिला. या वेळी मोबाईल बाजूला ठेवला आणि जुन्या शिक्षकांना, मोहल्ल्यातल्या लोकांना विचारीत फिरलो. एक पानभर मजकूर जमला. पावसात मुलींच्या रांगेसाठी ते शाळेची ताडपत्री धरून उभे राहत. डबा न आणणाऱ्या मुलाला ते काही न विचारता पाणी भरण्याच्या निमित्ताने आपल्या खोलीत नेत. आम्ही मुले त्यांना मागून हाक मारीत असू आणि त्यांनी ओ दिली नाही की समजत असू, चाचा मुद्दामच ऐकत नाहीत. तेही मी लिहिले. आणि लिहिले की, एकतीस वर्षे त्यांनी शाळेची पितळी घंटा वाजविली आणि कधी एक मिनिट चुकविले नाही.

तो कागद घेऊन मी चाचींकडे गेलो आणि वाचून दाखविला. घंटेच्या वाक्याशी त्यांनी मला थांबविले.

“एकतीस वर्षं नाही. पितळी घंटा तू शाळेत आलास त्या वर्षी आली. त्याच्या आधी सोळा वर्षं रुळाचा तुकडा होता, आगगाडीच्या रुळाचा. तारेनं टांगलेला. तो हातोडीनं वाजवायचे, कानाशी. उजवा कान त्यानंच गेला त्यांचा. कुणाला सांगितलं नाही, नोकरी जाईल म्हणून.”

मी तिथेच बसून ते वाक्य खोडले आणि त्या सांगत गेल्या तसे समासात लिहून घेतले. भिंतीवरची फ्रेम चाचींच्या मुलाने उतरवून माझ्या हातात दिली. काच तीच ठेवून आतला कागद बदलला आहे.